सेंट्रल लॉकच्या नावाखाली ९,३०० रुपये उकळले, तुम्ही तरी सावध राहा

जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बंद पडलं आणि गॅरेजवाला काही न उघडताच "मॉड्यूल (सगळी लॉक चालवणारा डबा) गेलंय" म्हणाला, तर गाडी तिथून काढा. माझे ९,३०० गेले: मॉड्यूल ४,२००, दारांतली लॉक ओढणाऱ्या चार मोटरी ३,६००, मजुरी १,५००.

माझी २००९ ची अल्टो, सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं. ड्रायव्हरच्या दारात चावी फिरवली तरी बाकीची तीन दारं ढिम्म. त्या माणसाने माझ्यासमोर दार सताड उघडलं, खटका दाबला, आणि तिन्ही दारं खटकन लागली! दार हलवल्यावर चालतंय म्हणजे वायर तुटलीय, हे त्याला तिथेच कळलं. त्याने झटकन दार ओढून घेतलं, "बघा, मॉड्यूल कसं मध्येच पकडतंय." तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पण मी काही वायरमन नाही. वडिलांना डायलिसिसला न्यायचं होतं, गाडी उघडी टाकून दवाखान्यात बसणार कसं?

थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या वायरमनने दार आणि खांबामधला रबरी बूट, म्हणजे वायरींवरची रबरी नळी, ओढला. आत तुटलेली वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. खरा दोष सापडला होता, तो झाकून बिल मोटरींचं लावलं! दाराचा आतला पॅड काढला तर मोटरी जुन्याच, स्क्रू गंजलेले. नवा तुकडा सोल्डर करून त्याने २५० रुपये घेतले.

जुने पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौकीत म्हणाले, "हा दिवाणी मामला." अर्जाची पोच मागितली तर "साहेब नाहीत." दुसऱ्या एका कार्यालयात विचारलं, "पक्कं बिल कुठाय?" अहो, त्याने ते दिलं नाही हीच तर तक्रार! मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीय, आणि यांना ते मी सांगायचं? यूपीआयची पावती दाखवली तर म्हणे नाव गॅरेजचं नाही, कामाच्या पोराचं आहे. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तिथेही जातोय. तुमचंही असं झालं असेल तर वायर जोडून घेण्याआधी बूट उघडून फोटो काढा, तारखेसकट.