वर्षभर वापरलेली मीडिया मॉनिटरिंग सर्व्हिस : टीव्हीसाठी छान, मराठी पेपरसाठी डोक्याला ताप

रेटिंग पाचपैकी अडीच. त्यातले दोन टीव्हीचे आणि अर्धा फोन उचलणाऱ्या मुलीचा.

मी एका विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात काम करते. मागच्या वर्षी आम्ही एका एजन्सीची सर्व्हिस घेतली, म्हणजे आमचे कुलगुरू, डीन, प्राध्यापक यांचं नाव कुठल्या पेपरात, चॅनलवर, वेबसाइटवर आलं ते शोधून रोज सकाळी सात वाजता पीडीएफ आणि महिन्याच्या शेवटी रंगीत ग्राफवाला रिपोर्ट. जीएसटी धरून वर्षाचे पावणेदोन लाख. एजन्सीचं नाव लिहीत नाही, रिन्यूअलची फाईल अजून फिरतीय आणि मला माझी नोकरी आवडते.

घेतली कशासाठी, तर रँकिंगसाठी. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी, तिच्यात परसेप्शनला, म्हणजे बाहेरच्यांच्या मनातल्या प्रतिमेला, शंभरपैकी १० मार्क असतात आणि आमचं गाडं तिथेच अडकतं, मग कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं की आपले लोक मीडियात दिसत नाहीत, दिसले तर मोजत नाही, आधी मोजायला लागा. ते १० मार्क कात्रणं मोजून मिळत नाहीत, बाहेरच्या प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांना विचारून ठरतात, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही. मी पण नाही बोलले, चहा आला होता.

पहिल्याच आठवड्यात पीडीएफ आली बेचाळीस पानांची. मी म्हटलं बापरे, आपण एवढे फेमस कधी झालो. उघडून बघते तर सगळीकडे राज्यपाल. राज्यपालांनी झेंडा फडकवला, राज्यपालांनी शपथ दिली, राज्यपाल अमुक प्रदर्शनाला गेले. झालं असं की कीवर्डची यादी एजन्सीच्या दिल्लीकडच्या ऑफिसात बनली होती आणि तिकडच्या पोरांनी व्हाइस चान्सलरसाठी टाकलं 'कुलपती'. हिंदीत बरोबरच आहे ते, हिंदी पेपर व्हाइस चान्सलरला कुलपतीच म्हणत आलेत. पण आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक विद्यापीठांचे, आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. हे एवढंसं त्यांना पटवायला अकरा दिवस गेले, एकाने तर मला विकिपीडियाची हिंदी लिंक पाठवली.

बरं, केलं 'कुलगुरू'. आता सुटलो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी इंदूर, जबलपूर, जोधपूर! कारण मध्य प्रदेशने २०२४ मध्ये कुलपतीचं कुलगुरू केलं, आणि मग २०२५ मध्ये राजस्थाननेही तेच केलं. त्यांचा रु ऱ्हस्व, आपला रू दीर्घ, पण सॉफ्टवेअरला ऱ्हस्व दीर्घाचं काय पडलंय, आमच्या मराठीच्या मॅडम असत्या तर दोन मार्क कापले असते.

नावांचं तर विचारू नका. आमच्या विद्यापीठाचं नाव त्यातल्या त्यात सोपं आहे, पण माझी एक मैत्रीण दुसऱ्या विद्यापीठात हेच काम करते, तिचं ऐकून मला माझं दुःख कमी वाटायला लागलं. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं, पण बातमीदार घाईत अजून 'पुणे विद्यापीठ' आणि 'उमवि'च लिहितो, हेडिंगमध्ये जागा किती असते. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव मराठवाडा विद्यापीठालाही आहे आणि लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठालाही. मराठी वाचणाऱ्या माणसाला एका नजरेत कळतं, पण या पीडीएफवर आमच्याकडे येईपर्यंत मराठी वाचणाऱ्या कुणाची नजर पडत नाही, खरी गोम तीच आहे.

आता ज्या दिवशी माझा विश्वास पूर्ण उडाला तो किस्सा. आमचे प्राणिशास्त्राचे एक सर आहेत, आडनाव पाटील (हो, पाटील, कीवर्ड म्हणून टाकून बघा आणि मग सरपंच, पैलवान, कारखान्याचे चेअरमन मोजत बसा). मे महिन्यात वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि एका तालुका पुरवणीच्या आतल्या पानावर दोन कॉलमची बातमी आली, उसातल्या हुमणीबद्दल, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीबद्दल. सरांनी सांगितलेलं की पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीवर पाला खायला बसतात, तेव्हाच फांद्या हलवून गोळा करा, प्रकाश सापळे लावा, एकदा अळी मुळाशी गेली की मग औषधं ओतत बसाल. बातमीत नाव छापलेलं 'विद्यापीठाचे पाटील सर'. बस्स. पूर्ण नाव नाही, विभाग नाही, आणि फोटो दुसऱ्याच कुणाचा.

त्या बातमीचा मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर एवढा फिरला की सरांना दिवसभर फोन, काही शेतकरी तर बरणीत भुंगेरे घालून थेट डिपार्टमेंटला आले. कुलगुरूंनी मला बोलावून विचारलं, ही बातमी कुठली? मी पीडीएफ उघडली. त्या दिवशीच्या पीडीएफमध्ये आमच्या नावावर एकच नोंद होती, एका इंग्रजी वेबसाइटवर आलेली आमचीच प्रेसनोट, जशीच्या तशी. हुमणी गायब. एजन्सीला विचारलं तर म्हणे मॅम, तालुका एडिशन पॅकेजमध्ये नाहीये, मेन आणि सिटी आहे फक्त. अहो पण आमचं विद्यापीठ राहतंच तालुका पुरवणीत! लोकमतचं 'हॅलो' घ्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या पेपरची जिल्हा पानं घ्या, आमचे प्राध्यापक तिथे दिसतात, मुंबईच्या पान एकवर आम्ही फक्त पेपर फुटला की येतो.

बातमी शेवटी सापडली आमच्या मामांकडे. मामा म्हणजे आमचे शिपाई, सत्तावीस वर्षं कात्रणं कापतायत. त्यांनी सकाळीच ती कापून, डिंक लावून, वर तारीख पान क्रमांक टाकून रजिस्टरला चिकटवून ठेवलेली. आणि समासात पेन्सिलने लिहिलेलं : 'फोटो चुकला आहे, कळवावे.' मामा महान आहेत असं म्हणायचं नाहीये मला, मामांना टीव्ही जमत नाही, इंग्रजी पेपर ते बघतही नाहीत, आणि पंढरपूरला गेले की आठ दिवस रजिस्टर कोरं. पण ते मराठी वाचतात.

आता चांगलं सांगते. टीव्ही एकदम बेस्ट. १ फेब्रुवारीला बजेटच्या दिवशी आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडम एका मराठी चॅनलवर होत्या, चार खिडक्यांतली खालची उजवी खिडकी, तासाभराच्या चर्चेत त्या मोजून दीड मिनिट बोलल्या असतील बाकी वेळ मान हलवली, आणि अर्ध्या तासात कापलेली क्लिप माझ्या मेलवर, वेळेसकट. शिवाय एजन्सीने कळवलं की खाली पट्टीवर मॅडमना 'राजकीय विश्लेषक' केलंय. मी लगेच चॅनलच्या डेस्कला फोन केला, रिपीट दाखवताना 'अर्थतज्ज्ञ' झालं. हे काम मामांनी काय किंवा मी काय, कोणीच करू शकलं नसतं.

पण महिन्याचा रिपोर्ट म्हणजे निव्वळ विनोद. त्यात एक रकाना असतो 'मीडिया व्हॅल्यू'चा, म्हणजे बातमीने जेवढे कॉलम सेंटिमीटर खाल्ले तेवढ्या जागेची जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते. आमच्या एका महिन्याची व्हॅल्यू निघाली अडतीस लाख आणि ती स्लाइड मॅनेजमेंट कौन्सिलला दाखवली गेली, टाळ्या वाजल्या. जनसंपर्कवाल्यांच्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये २०१० सालीच सरळ लिहिलंय की जाहिरातीच्या दराने काढलेला आकडा म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. आणि साधा विचार करा, डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षा क्लॉडीन गे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कॅम्पसवरच्या ज्यूद्वेषाबद्दल साक्षीला बसल्या, जगभर टीकेच्या बातम्या, या हिशोबाने व्हॅल्यू किती निघाली असती देव जाणे. २ जानेवारी २०२४ ला त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या बाजूला बसलेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्षा लिझ मॅगिल यांनी तर चारच दिवसांत दिला होता. आमच्या रिपोर्टात तो महिना हिरवागार दिसला असता.

उलटं उदाहरण पण आहे, दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट केली, २०१७ मध्ये बीबीसीवर लाइव्ह कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांवर बोलत होते आणि मागून लेक नाचत आत आली, पाठोपाठ वॉकरमधलं बाळ, आणि तो व्हिडिओ लोकांनी हसत हसत जगभर फिरवला. त्याची व्हॅल्यू कुठल्या रकान्यात घालणार?

सेंटिमेंटचा, म्हणजे बातमी चांगली की वाईट हे सांगणारा रकाना त्याहून भारी. आमच्या एका मॅडमचं कॅन्सरवरचं संशोधन छापून आलं, लाल, निगेटिव्ह, कारण बातमीत कॅन्सर आणि मृत्यू हे शब्द. विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना घेराव घातला, शेवटी 'सकारात्मक चर्चा झाली' असं वाक्य होतं, हिरवा, पॉझिटिव्ह. एका निवृत्त सरांच्या निधनाची बातमी पण हिरवी.

सपोर्टबद्दल एवढंच की तिथली एक मुलगी खरंच चांगली होती, फोन उचलायची, चूक मान्य करायची, आठ महिन्यांनी ती सोडून गेली आणि मग फक्त तिकीट नंबर यायला लागले.

कोणी घेणार असाल तर डेमोमध्ये त्यांनी निवडलेला दिवस बघू नका, तुमच्या दीक्षान्त समारंभाच्या दुसऱ्या दिवशीचे सगळे जिल्हा पेपर स्वतः विकत घ्या, बातम्या मोजा आणि मग त्यांची पीडीएफ मागा. तालुका पुरवणीचं लेखी घ्या. व्हॅल्यूचा रकाना काढून टाकायला सांगा, पैसे कमी होत नाहीत पण मीटिंग लवकर संपते.

मी नोटशीटवर लिहिलंय की फक्त टीव्ही पॅकेज ठेवावं आणि उरलेल्या पैशात मराठी नीट वाचणारा एक कंत्राटी मुलगा घ्यावा, मामा पुढच्या जूनमध्ये रिटायर होतायत. फाईल अकाउंट्सला आहे. त्यांनी शेरा मारलाय, 'मीडिया व्हॅल्यू अडतीस लाख असताना सेवा कमी का करावी, खुलासा करावा.'