गाडीतल्या गिझरसोबत 10 महिने: रॉड, खार आणि कुंभारीण

गेल्या दिवाळीनंतर गाडीत गिझर बसवला, आता गणपती जाऊन आठवडा झाला, म्हणजे 10 महिने धरून चाला. तेव्हाच लिहायला बसलो होतो, बरं झालं राहून गेलं, कारण तेव्हा लिहिलं असतं तर "एकदम भारी, डोळे झाकून घ्या" एवढंच लिहिलं असतं.

गाडी म्हणजे सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून आम्हीच बेळगावात कॅम्पर करून घेतलेली. फिरणारे आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी आणि आई. गिझर मात्र इथला नाही, अमेरिकेतून बिऱ्हाड हलवून आलेल्या एका ओळखीच्यांकडे न वापरलेला पडून होता तो घेतला. तिकडच्या आरव्हींमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांमध्ये, असतो तसला, 6 गॅलनचा, आपल्या हिशेबानं साधारण 22 लिटर, आत काचेच्या मुलाम्याची लोखंडी टाकी, गॅसवरही चालतो, करंटवरही. आईचं म्हणणं होतं की एवढा खटाटोप कशाला, आपला तांब्याचा बंब ठेवा मागं, चार काटक्या घातल्या की झालं. तेव्हा हसलो होतो, खरं बंबाला कुणी टाकी गंजू नये म्हणून घातलेला रॉड बदलायला सांगत नाही ही गोष्ट खरी.

पहिली भानगड बसवायच्या आधीच. वडगावचा वायरमन आला, पाटी वाचली आणि म्हणाला, "अण्णा, ह्येच्यावर 120 व्होल्ट लिवलंय बघा, 1440 वॅट. आपल्या लायनीला लावलासा तर काय हुईल ठाऊक हाय न्हवं?" मला ठाऊक नव्हतं. त्यानं तिथंच हिशेब करून दाखवला, व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की वॅट चौपटीच्या आसपास जातात, म्हणजे पाच हजाराच्या वर, कॉइल तर जाईलच, वायरिंगही वितळेल. मग त्याच मापाच्या आट्यांची 240 व्होल्टची 1500 वॅटची कॉइल ऑनलाइन मागवली. तिकडचं कुठलंही सामान घेणार असाल तर आधी पाटी वाचा, रंग आणि डबा नंतर बघा.

आता चांगलं काय ते सांगतो. डिसेंबरात आंबोलीला दोन रात्री राहिलो, पहाटे काचांवर आतून पाणी जमलेलं, बोटं काम करेनात, आणि अशा थंडीत अर्ध्या पाऊण तासात टाकीभर कडक पाणी. 60 अंशाचं पाणी गार पाण्यात मिसळलं की दुप्पट होतं, त्यामुळे 22 लिटरमध्ये तिघांची बादलीभर आंघोळ आरामात होते, चौथ्यानं थोडं थांबायचं (चौथा कायम मीच). गॅसही फार खात नाही, एक टाकी तापवायला 100 ग्रॅमच्या आसपास. बर्नरला हवा बाहेरून मिळते आणि धूरही बाहेरच जातो, घरातल्या बंद बाथरूमच्या गॅस गिझरसारखा आत काही सोडत नाही, म्हणून रात्री धास्ती नसते. सिलिंडर 5 किलोचा, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, कप्प्याच्या तळाला भोकं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. गाडी चालू असताना सिलिंडर बंद, ह्यात तडजोड नाही.

बॅटरीवर चालवायचा मोह मात्र सोडा. 12 व्होल्टची 100 अँपिअरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास, आणि ही टाकी एकदा तापवायला एक युनिट जातं. एका आंघोळीत बॅटरी बसली आणि रात्रभर पंखा नाही, हे मी करून बघितलंय, बायकोचं त्यावरचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. करंट फक्त लाइनवर, लॉजच्या आवारात किंवा कुणाच्या वाड्यात गाडी लावली तर.

आता मुख्य गोष्ट. हा गिझर तापवून खराब होत नाही हो, पाण्यानं खराब होतो, आणि त्यातही आत नुसतं पडून राहिलेल्या पाण्यानं. हे कळायला मला आधी सौंदत्ती आणि मग पावसाळा लागला.

माघ पौर्णिमेला यल्लम्माला गेलो होतो. घरून भरून नेलेली गाडीची 60 लिटरची पाण्याची टाकी दोन दिवसांत संपली, मग डोंगराच्या अलीकडं एका बोअरवर पाइप लावला. बोअरवाला सरळ म्हणाला, "सवळ नीर ऐतरी, कुडियाक बरंगिल्ल." म्हणजे पाणी खारट आहे, प्यायला चालत नाही. प्यायचं नाही ना, आंघोळीलाच आहे, म्हणून मी बिनधास्त भरलं. तिथून बदामी, ऐहोळे, गोकाक असं फिरत आठ दिवस तसलंच पाणी भरत आलो. घाटाकडचं, म्हणजे जांबोटी कणकुंबीकडचं पाणी वेगळं, साबण लावला की फेस जाता जात नाही. पूर्वेकडं गेलात की साबण फुटतच नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ. हा फरक अंगाला कळतो तसा टाकीलाही कळतो, एवढा विचार मी केला नाही.

परत आल्यावर गरम पाणी लवकर संपायला लागलं आणि तापताना आतून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. शेवटी एका रविवारी खोलला. खोलायच्या आधी गॅस, करंट, पंप बंद, गरम नळ उघडून प्रेशर काढलेलं आणि टाकी रात्रभर गार केलेली, हे पाचही झाल्याशिवाय पान्याला हात लावू नका, प्रेशरमध्ये गरम पाणी असलं तर डाट गोळीसारखा सुटतो. खालच्या डाटाला 27 चा सॉकेट बरोबर बसतो. डाट आणि रॉड एकच असतात ह्यात, रॉड टाकीच्या आत आडवा राहतो.

रॉड बाहेर काढला आणि बघतच राहिलो. बसवताना अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत, वीतभर लांब होता. आता ऊस चघळून टाकलेली चोयटी कशी असते तसा, मध्ये बारीक तार उघडी आणि तिला कुठं कुठं पांढरट राखाडी लगदा. तीन महिन्यांत! खरं हे वाईट लक्षण नव्हे, रॉडचं काम तेच आहे. तो मॅग्नेशियमचा, पाण्यात लोखंडाच्या आधी तो झिजतो आणि टाकी वाचते, पाण्यात क्षार जास्त तर झीजही जास्त. पाऊण भाग गेला की बदलायचा. मी थांबलो असतो तर पुढची पाळी टाकीची होती.

रॉडच्या पाठोपाठ टाकीतून जे आलं ते वेगळंच. अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे, दोन मुठी तरी. भोक तळाच्या जरा वर असल्यानं थोडं पाणी आणि गाळ आतच राहतो. त्याला आमच्या चुलत भावानं इलाज काढला, उसाला औषध मारायच्या पंपाची नळी, नवी, वापरलेली नव्हे, नोझल काढून भोकातून आत घातली आणि फिरवत फिरवत पाणी मारलं. वीस मिनिटं पांढरं पाणी येत होतं. नंतर लिंबूफूल, अर्धा किलो, 20 लिटर कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरलं, चार तास ठेवलं, काढलं, साध्या पाण्यानं तीनदा धुतलं. रॉड तेव्हा बाहेर ठेवायचा आणि साधा डाट लावायचा, नाहीतर आम्ल खारासोबत रॉडही खाऊन टाकतं. आणि लिंबूफूल किंवा व्हिनेगर आत असताना चुकूनसुद्धा ब्लीच घालायचं नाही, क्लोरीनचा वायू होतो. तडतड बंद झाली.

नवीन रॉड बाहेरून यायला महिना लागणार होता. म्हणून उद्यमबागेत गेलो, एका लेथवाल्या मामांकडं, ओळख जुनी. घरगुती गिझरचा मॅग्नेशियम रॉड आणि जुना डाट दोन्ही समोर ठेवलं, म्हटलं असलाच डाट करून द्या, आत रॉडचे आटे मारून. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, गेजच्या पात्या एकेक करून आट्यात बसवून उजेडात धरल्या.

"पाऊण इंची हाय. इंचाला 14 आटे. खरं आपल्या नळाचे आटे न्हवंत गा हे."

"नळाला पण 14 च असतात की मामा."

"आकडा सारखा हाय, कोन बघ की. आपला पंचावन्नचा, ह्यो साठचा. नळाचा डाट फिरवलास तर दोन आटे गोड जाईल, मग दात मोडंल. टाकी फेकून देतोस काय?"

खरं सांगतो, मी आदल्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून नळाचा पाऊण इंची डाट आणून खिशात ठेवला होता. तो मी बाहेर काढलाच नाही. मामांनी दीड तासात डाट करून दिला, वर एक सूचना, टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून डाट टाकीपासून तोडू नकोस, धातूला धातू लागला तरच रॉड काम करतो. घरी मल्टीमीटर लावून बघितलं, लागत होता. तो रॉड अजून चालू आहे. मजुरी काय ते विचारलं तर म्हणाले, पुढच्या खेपेला कुंदा आण.

चोर्ला घाटात आणखी एक प्रकार. वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून टिपटिप सुरू झाली, थांबेना. वाटेत एका गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला वॉल गेलाय, डाट मारून देतो, शंभर रुपये द्या. मी नको म्हटलं, नशीब. तो व्हॉल्व्ह 150 पीएसआय प्रेशरला किंवा 99 अंशाला उघडतो, तेवढ्यासाठीच तो तिथं असतो, तो बंद केला आणि थर्मोस्टॅट अडकला तर टाकीचा बॉम्ब. बहुतेक वेळा टिपटिप म्हणजे व्हॉल्व्ह खराब नसतो, टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा असतो तो पाण्यानं भरून गेलेला असतो, तापल्यावर पाणी फुगतं त्याला जागा राहत नाही. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ दिला, पंप बंद, गरम नळ उघडला, मग व्हॉल्व्हची दांडी उचलून धरली, पाणी यायचं थांबेपर्यंत. दांडी सोडली, नळ बंद, पंप चालू. झालं. आता दोन तीन महिन्यांत एकदा करतो.

एक चूक माझी, लपवत नाही. टाकी धुऊन झाल्यावर बायपासची कळ, म्हणजे गिझर वगळून पाणी थेट नळाला सोडणारी, परत फिरवायची विसरलो. नळाला पाणी येत होतं म्हणून टाकी भरली असं धरलं आणि करंट चालू केला. कोरड्या टाकीत कॉइल कितीशी टिकणार. दुसरी कॉइल. आता स्विचवर मुलीनं चिकटपट्टी लावून स्केचपेननं लिहिलंय, "पाणी आलं का बाबा?" गरम नळाला अखंड धार आल्याशिवाय स्विच नाही.

मग पावसाळा. जूनच्या मध्यापासून गाडी शेडमध्ये, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, दोन अडीच महिने कुठं जाणं झालं नाही. टाकी रिकामी करायची राहिली, उद्या करू उद्या करू म्हणत. ऑगस्टच्या शेवटी नळ सोडला तर सडक्या अंड्याचा असा भपकारा की आई नाकाला पदर लावून खाली उतरली. साचलेल्या पाण्यातले जंतू आणि मॅग्नेशियम मिळून हा वास होतो. सगळं पाणी काढलं, 60 लिटरला साधारण 60 मिली साधं घरगुती ब्लीच घालून सगळ्या नळांतून फिरवलं, रात्रभर ठेवलं, मग वास जाईपर्यंत धुतलं.

वास गेला तर गॅस पेटेना. टिक टिक टिक होऊन बंद. चौथ्यांदा पेटला तर ज्योत पिवळी आणि जाळीला काजळी. ज्योत निळी पाहिजे. मला वाटलं हवेची झडप, कारण आपल्या सिलिंडरात ब्युटेन जास्त आणि ह्याचा बर्नर तिकडच्या प्रोपेनसाठी, सुरुवातीला झडप थोडी जास्त उघडावी लागली होतीच. झडप फिरवून काही फरक पडेना. सिलिंडर बंद करून बर्नरची नळी सोडवली, टॉर्च मारला, आत मातीचा गोळा. कुंभारीण माशीनं घर केलेलं! तारेनं टोकरून काढला तर आत हिरव्या अळ्या भरून ठेवलेल्या. आई म्हणाली कुंभारणीचं घर मोडू नये, मी म्हटलं तिला दुसरीकडं जागा देतो. आता बाहेरच्या झाकणाला बारीक स्टीलची जाळी लावली आहे, नुसती मच्छरदाणी नाही, ती वितळते.

घ्यावा का विचाराल तर महिन्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढणार असाल आणि स्वतः पाना धरायची तयारी असेल तर जरूर. वर्षातून दोनदा गोव्याला जाणाऱ्यानं बादली आणि रॉडचा हीटर घ्यावा, लॉजवर प्लग असतोच. आमच्यापुरतं सांगायचं तर दसऱ्याला परत सौंदत्ती आहे, ह्या वेळी घरून 40 लिटरचे दोन कॅन जादा, बोअरचं पाणी फक्त भांड्यांना, आणि परत आल्यावर त्याच संध्याकाळी डाट काढायचा. जुनी चोयटी मी टूलबॉक्समध्ये ठेवलीय, मामांकडं कुंदा घेऊन गेलो तेव्हा दाखवली, त्यांनी हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "दोन करून ठिवतो मग."