नवलकोलाचं 'गवत': नोव्हेंबर ते जुलै

नवलकोलाचं बी ट्रेमध्ये दाट पेरायचं आणि दहाएक दिवसांत कोवळे कोंब कापून खायचे, यालाच मायक्रोग्रीन्स म्हणतात; आमच्या घरात मात्र तसं कोणीच म्हणत नाही. सासूबाईंच्या लेखी ते 'तुझं गवत'. बियांच्या डब्यावर मात्र मी मार्करने ठळक लिहून ठेवलंय: 'नवलकोल. मोहरी नव्हे.' असं का लिहावं लागलं ते पुढे सांगते.

गेल्या नोव्हेंबरात पहिला ट्रे लावला आणि यंदा जुलैअखेर थांबले. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेची गॅलरी, ऊन साडेदहापर्यंत. नऊ महिन्यांत एकवीस ट्रे. त्यातले चौदा ताटात आले, सात वाया जाऊन कुंडीत गेले. हा आकडा आधीच सांगते, कारण व्हिडिओंमध्ये सगळ्यांचेच ट्रे गालिच्यासारखे उगवतात आणि आपण उगाच स्वतःला नावं ठेवत बसतो.

नवलकोलच का? तर मेथी, मोहरी, मुळा हे सगळं आधी करून झालं होतं. मेथी कडवट, मोहरी थेट नाकात जाते, आणि मुळ्याचा डबा ऑफिसात उघडला की चार टेबलांवरून माना वळतात. नवलकोलाचे कोंब स्वभावाने गरीब. कोबीचा आतला पांढरा गाभा कच्चा चावल्यासारखी चव, किंचित गोडसर, आणि गिळता गिळता मोहरीचा अगदी पुसट झणका. नऊ वर्षांच्या लेकीपासून एकोणऐंशीच्या सासऱ्यांपर्यंत कोणी तोंड वाकडं केलं नाही, असं हे एकच.

मोठ्या नवलकोलाशी आमचं तसं सख्य नव्हतं. थंडीत एकदोनदा हरभऱ्याची डाळ घालून भाजी, संपलं. काश्मिरात त्याला मोंज म्हणतात आणि गड्ड्याबरोबर पानंही शिजवतात. आमची भाजीवाली मात्र न विचारता पानं मोडून टोपलीत टाकते. कोंबांच्या निमित्ताने मी ती पानंही मागून आणायला लागले.

बियांपाशी जरा थांबते, कारण मोठी चूक इथेच होते. मी पहिल्यांदा शेतीच्या दुकानातून दहा ग्रॅमचं पाकीट आणलं. फोडलं तर बी गुलाबी. नवलकोलाचं बी मुळात तपकिरी असतं, गोल, हुबेहूब मोहरीसारखं. गुलाबी रंग म्हणजे थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं बी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'खाण्यासाठी वापरू नये' असं छापलेलंही होतं, मीच वाचलं नव्हतं. शेतात लावायला ते ठीक, तिथे गड्डा हाती यायला दोन महिने जातात. आपण दहाव्या दिवशी कोंब खातो, आणि कित्येकदा बियांचं टरफल पानाला चिकटलेलंच असतं. ते पाकीट मी सोसायटीच्या माळीकाकांना दिलं, न खाण्याबद्दल दोनदा बजावून. तेव्हापासून 'प्रक्रिया न केलेलं' असं स्पष्ट लिहिलेलं बीच घेते. मला १०० ग्रॅम साडेतीनशेला पडलं.

आता मोहरीची गोष्ट. डिसेंबरात एकदा डबा ओट्यावर राहिला आणि सासूबाईंनी त्यातलं चमचाभर बी वरणाच्या फोडणीत टाकलं. तडतडलंही. जेवताना कोणाच्या काही लक्षात आलं नाही; संध्याकाळी डबा हलका लागला तेव्हा मला उलगडा झाला. सगळे हसले, पण मला ते गुलाबी पाकीट आठवून घाम फुटला. म्हणून ते डब्यावरचं लिखाण.

ट्रे म्हणजे मिठाईचे पसरट प्लॅस्टिकचे खोके, साधारण २५ बाय २५ सेंटिमीटर. तळाला तापलेल्या सुईने भोकं पाडली. खाली दुसरा, बिनभोकाचा खोका. आत बोटाच्या एका पेराएवढं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट दोनदा भिजवून, पिळून, पाणी टाकून द्यायचं; त्यात क्षार असतात आणि पहिलं पाणी चहासारखं निघतं. मी पहिल्यांदा हे केलं नाही आणि कोंबांची टोकं करपली.

दुसरा ट्रे हावरटपणामुळे गेला. एवढ्या जागेत वीस ग्रॅम बी पेरलं. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे दाणे, म्हणजे सहा हजार रोपं एका मिठाईच्या खोक्यात! आठव्या दिवशी मधोमध सगळं आडवं पडलं आणि बुडाशी चिकट झालं. आता मोजून बारा ग्रॅम. बी भिजवायचं नाही. एवढं बारीक बी भिजलं की हाताला गोळे चिकटतात, सारखं पसरत नाही. कोरडंच भुरभुरायचं, वर पाण्याचा फवारा, त्यावर दुसरा खोका आणि त्यात वीट. वीट पाहून शेजारणीने 'लोणचं घातलंय का' असं विचारलं होतं. वजनाखाली मुळं कोकोपीटमध्ये घुसतात आणि कोंब दणकट निघतात. वजन न ठेवता केलेल्या ट्रेमध्ये निम्मी मुळं वरच लोंबत होती.

तिसऱ्या दिवशी वीट उचलली की खाली पांढऱ्या कापसासारखं काहीतरी दिसतं. इथे बहुतेक जण घाबरतात. मीही घाबरले आणि जवळजवळ फेकलंच होतं. ती बुरशी नसते, मुळांवरची लव असते. पाण्याचा एक फवारा मारा: लव लगेच मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी तशीच राहते, कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते आणि तिला कुबट वास येतो. हा फरक कळायला मला तीन ट्रे लागले.

चौथ्या दिवशी उजेडात आणलं की खरी मजा. पिवळट, दमलेले कोंब असतात. सकाळी गॅलरीत ठेवले की दुपारच्या चहापर्यंत पानं हिरवी. मी जांभळ्या जातीचं बी आणते. त्याचा देठ जांभळा आणि पान हिरवं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. पांढऱ्या जातीचंही एकदा आणलं होतं. चवीत मला फरक लागला नाही, पण ताटात ते मुकं दिसतं. हा जांभळा रंग थंडीत गडद येतो. जानेवारीत देठ अगदी जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखे होते, मेमध्ये फिक्कट गुलाबी.

पाणी आता खालूनच देते. खालच्या खोक्यात अर्धा पेला ओतायचं, दहा मिनिटांनी उरलेलं काढून टाकायचं. वरून रोज फवारत बसलं की पानं ओली राहतात आणि दुखणी सुरू होतात. कापायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद. दहाव्या दिवसाच्या सुमारास कात्रीने कोकोपीटच्या बोटभर वरून कापायचं. एका ट्रेला १०० ते ११० ग्रॅम निघतं. पुन्हा फुटेल म्हणून मी एक ट्रे आठवडाभर जपला. फुटत नाही, कारण वाढीचा शेंडाच कापून गेलेला असतो.

साठवायचे असतील तर न धुता. डब्यात खाली कागदी रुमाल, वर कोंब, फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस छान राहतात. धुऊन ठेवले तर तिसऱ्या दिवशी डबा उघडताच सडक्या कोबीचा वास, आणि तो फ्रीजमधल्या दह्यालाही लागतो.

खायचं कशात? माझा एक नंबर दडपे पोहे. कोथिंबिरीच्या जागी नाही, कोथिंबिरीबरोबर, मूठभर. मग दहीभात, आणि गरम थालीपिठावर लोण्याचा गोळा आणि त्यावर हे. काकडीच्या कोशिंबिरीत घालायचं तर अगदी वाढताना, कारण मीठ लागलं की पाणी सुटून कोंब माना टाकतात. आमटीत घातले तर दिसेनासे होतात आणि दाताखाली दोरे लागतात. चटणी करून पाहिली: ८० ग्रॅमचं झालं काय, तर दोन चमचे हिरवा चिखल. दहा दिवसांची मेहनत मिक्सरने दहा सेकंदांत संपवली. शिजवायचं असेल तर सरळ मेथीची जुडी आणावी.

'सुपरफूड' प्रकरणाबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २५ प्रकारचे कोंब तपासले होते, त्यात जांभळा नवलकोलही होता. कोंबांमध्ये जीवनसत्त्वं मोठ्या पानांपेक्षा बरीच जास्त सापडली. क जीवनसत्त्वात लाल कोबी सगळ्यांत पुढे होता. हे खरं, पण तुलना सारख्या वजनाची असते. आपण ताटात वीस-पंचवीस ग्रॅम घेतो, आणि मेथीची भाजी वाटीभर खातो. माझे केस दाट झालेले नाहीत, त्वचा होती तशीच आहे. एक फायदा मात्र नक्की: लेक, जी पालेभाजी ताटाच्या कडेला सारते, ती हे स्वतः कात्रीने कापून खाते.

सासऱ्यांना रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी आहे. हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं, त्यामुळे एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर काही नाही, असं चालत नाही. डॉक्टरांना विचारून त्यांचं प्रमाण रोज एक चमचा असं ठरवलं. घरात कोणाला ही गोळी असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर आधी विचारा. हे कोबीच्याच जातीचं आहे, आपण ते कच्चं खातो, आणि कच्चा कोबी थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर बारा ग्रॅम बी म्हणजे ४२ रुपये, वर कोकोपीटचे सात-आठ. पन्नास रुपयांत १०० ग्रॅम. दुकानातल्या डबीपेक्षा स्वस्त, भाजीच्या जुडीपेक्षा महाग. फुकटची भाजी म्हणून करणार असाल तर नका करू.

आणि मोसमाचं कोणी सांगत नाही. माझे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले ट्रे, ते पहिले दोन सोडले तर, एकही वाया गेला नाही. एप्रिल-मेमध्ये दोन गेले: विटेखाली बी उबून गेलं, उगवलं ते विरळ आणि लांबट. मग ट्रे गॅलरीतून काढून बेडरूमच्या फरशीवर ठेवले तेव्हा जरा जमलं. पाऊस लागल्यावर मात्र तीन गेले. संध्याकाळी उभे असलेले कोंब सकाळी बशीएवढ्या गोलात झोपलेले, देठ बुडाशी तपकिरी आणि दोऱ्यासारखे बारीक. रोपवाटिकेत शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. पंखा लावला, बी दहा ग्रॅमवर आणलं, खोके गरम पाण्याने धुतले. तरी तिसराही गेला, तेव्हा गाशा गुंडाळला.

लेकीने जानेवारीत सहा रोपं न कापता कुंडीत लावली होती. चार गोगलगाईंनी खाल्ली. दोनांना मार्चमध्ये लिंबाएवढे जांभळे गड्डे आले, मातीत नाही, मातीच्या वर, खोडालाच. तोवर तो गड्डा म्हणजे मूळ असंच मी समजत होते. दोन्ही मीठ लावून कच्चेच खाल्ले, सोलून पाच जणांत वाटले तेव्हा प्रत्येकी दोन फोडी आल्या.

डब्यात अजून चाळीसेक ग्रॅम बी आहे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. परवा पन्नास दाणे ओल्या कागदात गुंडाळून पाहिले, सेहेचाळीस उगवले. म्हणजे दिवाळीनंतर नवीन बी आणायची गरज नाही. सासूबाईंनी काल सहज विचारलं, गवत कधी लावणार.