दिवाळीत बसवलेला फिरता स्क्रीन: आठ महिन्यांनंतर

धुळ्यात नव्वदीच्या दशकात रुपयाला एक डाव मिळायचा, तेव्हापासून मला घरी आर्केड (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं उभं कपाट) हवं होतं. गेल्या दिवाळीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत प्लायचं कॅबिनेट उभं केलं. आत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) आणि जुना १९ इंची ५:४ मॉनिटर. आपल्याकडे ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे तो कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) आणि स्ट्रीट फायटर टू (१९९१) हे आडव्या स्क्रीनचे गेम. पॅकमॅन (१९८०), गॅलागा (१९८१) आणि १९४२ (हे नाव आहे, गेम १९८४ चा) मात्र उभ्या स्क्रीनचे. स्क्रीन आडवाच ठेवला तर उभ्या गेमच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि चित्र लहान होतं. म्हणून मॉनिटर ९० अंशांत फिरेल असा माउंट स्वतः करून घेतला.

फरक खरंच पडतो का? माझ्या मॉनिटरवर पॅकमॅनच्या चित्राची उंची ३० सेंटीमीटर होती, स्क्रीन उभा केल्यावर साडेसदतीस झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅकमॅनचं मूळ चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं आहे. आडव्या स्क्रीनवर ते नेमकं तिप्पटच मावतं, उभ्यावर चौपट. त्यापुढे ताणलं की कडा धूसर होतात. पहिल्यांदा चौपट बघितलं तेव्हा मी आणि भाच्याने खालच्या मजल्यावर जेवायला जाणं विसरून तासभर खेळून काढलं.

आता माउंटबद्दल. जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या ताटाखाली असते तसली बेअरिंगची चकती मी आधी लावली. मोठी चूक. ती चकती आडवं ठेवून वरून वजन घ्यायला केलेली असते. भिंतीसारखी उभी लावली की साडेतीन किलोचा मॉनिटर तिला पुढे ओढतो, आणि स्क्रीन मान खाली घातल्यासारखा झुकतो. मग मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून दोन ६२०४ बेअरिंग आणले (आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७) आणि अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून हाउसिंग करून घेतलं. दोघांत ४० मिलिमीटर अंतर. एकच बेअरिंग असतं तर मॉनिटर डगमगलाच असता. लेथवाल्या भाऊंनी विचारलं, “गाडीचं काय काढलं?” टीव्ही फिरवायचा आहे म्हटल्यावर त्यांनी दर कमी केला नाही, पण काम मनापासून केलं.

मापाची एक फजिती सांगतोच. मॉनिटर बाहेरून ४१ बाय ३४ सेंटीमीटर. मी कॅबिनेटची आतली रुंदी ५२ ठेवली आणि निर्धास्त राहिलो. फिरताना कोपरे कर्णाचं वर्तुळ काढतात, ते वर्तुळ ५३ सेंटीमीटरच्या वर! पहिल्याच फेरीत कोपरा प्लायला घासला. सुताराने छिन्नी घेऊन दोन्ही बाजूंना खाच काढून दिली. “आधी सांगितलं असतं तर,” एवढंच तो बोलला.

दुसरी गंमत केंद्राची. मॉनिटरच्या पाठीवरची माउंट बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं स्क्रीनच्या बरोबर मध्यावर असतील असं मी गृहीत धरलं होतं. माझ्या मॉनिटरची १२ मिलिमीटर खाली निघाली. त्यामुळे उभा केल्यावर चित्र एका बाजूला सरकायचं. मग मध्ये एक एमएस (साध्या पोलादाची) प्लेट घातली आणि अक्ष चित्राच्या मध्यावर आणला. पण वजनाचं केंद्र खालीच राहिलं, त्यामुळे उभा केलेला स्क्रीन स्वतःहून आडवा व्हायला बघू लागला. प्लेटच्या वरच्या कडेला जाड वॉशरांची माळ बोल्टने आवळली, दाराला लावतात तो बॉल कॅचर बसवला, तेव्हा थांबला. फिरवणं सोपं आहे हो, थांबवणं अवघड.

थांबवायला ९० अंशांवर जो अडसर लावला, तो मी थ्रीडी प्रिंट करून पीएलए या प्लास्टिकचा केला होता. मेमध्ये खानदेशात वर पत्रा म्हटल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सतत भार असला तर त्याच्या आधीच हळूहळू वाकतं. एका संध्याकाळी पॅकमॅन तिरका दिसला. मला वाटलं मॉनिटर गेला, पण अडसर वाकून स्क्रीन ९३ अंशांवर उभा होता. आता तिथे लोखंडी अँगलचा तुकडा आणि त्यावर सायकलचं ब्रेक रबर आहे. दोन महिने झाले, हललं नाही.

केबल तिसऱ्या महिन्यात रुसली. आडवा असला की चित्र, उभा केला की काळं. फिरताना वाक थेट पोर्टवर येत होता. केबल मॉनिटरच्या पाठीवर वेल्क्रोने बांधली, पुढे मोठा सैल फास सोडला. आता वाकतो तो फास.

सॉफ्टवेअरचा त्रास सगळ्यात कमी. जुने आर्केड गेम संगणकावर चालवणाऱ्या एमएएमई या प्रोग्रॅममध्ये अशा फिरत्या स्क्रीनसाठीच ऑटोरोर आणि ऑटोरोल असे पर्याय आहेत, ते फक्त उभे गेमच वळवतात. दिशा उलटी दिली तर पॅकमॅन डोक्यावर उभा राहतो, भाच्याला तेच जास्त आवडलं.

एक पस्तावा आहे. मॉनिटर टीएन पॅनलचा (एलसीडी पडद्याचा एक स्वस्त प्रकार) घेतला. दुकानदाराने “सगळे सारखेच असतात” म्हटलं आणि मी मान डोलावली. टीएन वरून-खालून बघितला की रंग बदलतो. तो उभा केला की वर-खालीच डावं-उजवं होतं. त्यामुळे गॅलागाचं काळं आकाश एका बाजूला निळसर दिसतं, शेजारी उभ्या असलेल्याला तर धुरकटच. आयपीएस हा दुसरा प्रकार घेतला असता तर हा त्रास फारसा झाला नसता.

समोर काच लावलेली नाही, स्क्रीन हातानेच फिरवतो. त्यामुळे कडेवर शेवभाजीच्या तर्रीचे ठसे कायम. आणि कॅचर बसताना ‘टक्’ वाजतो, तो अजून मऊ करायचा आहे. रात्री अकरानंतर खाली आईला तो बरोबर ऐकू जातो आणि जिन्यातून आवाज येतो, “झोपी जाय ना रे आते!”