दुपारी तीन वाजताची कालवं

माझं माहेर मालवणजवळ, कोळंबच्या खाडीकाठी. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आई आणि वाडीतल्या बायका कोयती आणि टोपली घेऊन खडपावर जायच्या, दगडाला चिकटलेली कालवं, म्हणजे ऑयस्टर, फोडून आतला गर काढून आणायच्या. बोटं कापायची, पाय सोलायचे. रात्री कांदा-खोबऱ्याच्या वाटपात त्यांचं सुकं व्हायचं. आमच्याकडे ते पाहुण्यांसाठीचं खाणं नव्हतं, आणि विकत तर कधीच घेतलं नव्हतं. त्यामुळे सिएटलला आल्यावर पहिल्याच वर्षी एका हॉटेलात बर्फावर मांडलेली सहा कालवं 19 डॉलरला बघितली तेव्हा मी मेन्यूकार्ड मिटून ठेवलं आणि सूप मागवलं.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, 'अगं, तीन वाजता जा. हॅपी अवर असतो.' तोपर्यंत हॅपी अवर म्हणजे एका पेगवर एक पेग, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे मासळीच्या हॉटेलांत त्या वेळेपुरती दारूबरोबर कालवंही स्वस्त होतात. माझी ड्यूटी सकाळी सातची, दुपारी लवकर सुटते. गेली नऊ वर्षं महिन्यातला एक शुक्रवार मी सिएटलजवळच्या रेडमंडहून बस पकडून समुद्रावर जाते आणि तीनच्या ठोक्याला बारवर बसते. एवढ्या वर्षांत जे कळलं ते इथे येणाऱ्या मराठी माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पहिलं नाव एलियट्स ऑयस्टर हाउसचं. धक्का क्रमांक 56, अगदी पाण्यावर. मी जायला लागले तेव्हा तिथला हॅपी अवर चढत्या भावाचा होता: तीन वाजता कालव सगळ्यात स्वस्त, मग जसजशी संध्याकाळ होईल तसतसा दर वाढत जायचा. वेळा आणि दर बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. पण त्या पद्धतीने मला लागलेली सवय गेली नाही. मी पहिल्या पाच मिनिटांत पोचते. त्या वेळी फोडणारा माणूस नुकताच उभा राहिलेला असतो, बर्फ ताजा असतो, आणि तो तुमच्याशी बोलतो. सहा वाजता त्याच माणसाला मान वर करायला सवड नसते. बसायचं ते फोडणाऱ्याच्या समोरच. खिडकीजवळच्या टेबलावरून बेनब्रिज बेटाची फेरीबोट छान दिसते, पण बऱ्याच ठिकाणी सवलत फक्त बारच्या बाजूला असते. टेबलावर बसून मग बिल बघून हळहळू नका.

समोर बसायचं खरं कारण वेगळं आहे. चांगलं कालव ओळखायचं ते त्याच्या पाण्यावरून. शिंपला उघडला की आत स्वच्छ, खारं पाणी भरलेलं असलं पाहिजे आणि गर कडेपर्यंत फुगलेला हवा. वर सुरीची जखम नको, शिंपल्याची कच नको. फोडणारा सुरी बिजागरीपाशी घालून मनगट फिरवतो, वरचं झाकण काढतो, मग खालून स्नायू कापून गर मोकळा करतो. यात पाणी सांडलं तर अर्धी चव सांडली. एलियट्समध्ये मी पाणी सांडलेलं कालव आजवर खाल्लेलं नाही.

एका दुसऱ्या हॉटेलात, ज्याचं नाव मी लिहीत नाही, डझनाला अगदी थोडे पैसे लावले होते. थाळी दोन मिनिटांत आली, तेव्हाच मला शंका आली. बारा कालवं दोन मिनिटांत फोडून होत नाहीत. आधीच फोडून ठेवलेली होती, कडा सुकलेल्या, पाणी आटलेलं, वर लिंबू आणि लाल सॉस भरपूर. दोन खाल्ली, बाकीची ठेवली, पैसे देऊन उठले. स्वस्तात मिळालेलं ते माझं सगळ्यात महाग खाणं होतं.

नावांचा पहिल्यांदा गोंधळ होतो. इथे कालवाला त्याच्या पाण्याचं नाव देतात, जसं आपण देवगडचा हापूस म्हणतो. हामा हामा हे हूड कॅनॉल नावाच्या खाडीच्या काठचं. टॉटन इनलेट म्हणजे दक्षिणेकडची अरुंद खाडी. शिगोकू हे नाव जपानी, पण वाढतं इथेच. ते पिशव्यांत वाढवतात. पिशव्यांना तरंगणारे फ्लोट बांधलेले असतात, भरती-सुकतीबरोबर पिशवी वर-खाली होते आणि आतली कालवं एकमेकांवर घासून त्यांच्या कडा झिजतात. म्हणून त्याचा शिंपला वाटीसारखा खोल आणि आतला गर घट्ट. नव्या माणसाने शिगोकूपासून सुरुवात करावी. आधी खारट, मग काकडीसारखं, आणि शेवटी कलिंगडाच्या सालीजवळच्या पांढऱ्या भागाची चव जिभेवर राहते.

इथलं मूळचं कालव मात्र ऑलिंपिया. नाण्याएवढं छोटं. बाकीची बहुतेक जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून आणलेली. ऑलिंपिया त्याआधीपासून या खाड्यांत होतं आणि अतिउपसा आणि कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे जवळजवळ संपलं होतं. ते हॅपी अवरच्या यादीत सहसा नसतं. तरीही मी दरवेळी दोन पूर्ण किमतीला मागवते. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पहाटे प्यायल्यासारखी चव. सॉस लावू नका, लिंबूसुद्धा नको. मला कोकमाचं आगळ दोन थेंब घालून बघायचं होतं, एकदा छोट्या बाटलीतून घेऊन गेले आणि शिगोकूवर घातलं. फोडणाऱ्या मुलानेही चाखलं आणि बाटली उलटीसुलटी करून बघत राहिला. व्हिनेगर आणि चिरलेल्या छोट्या कांद्याचा जो सॉस इथे देतात, त्यापेक्षा आगळ शंभर पटीने चांगलं लागतं, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते.

दुसरी जागा टेलर शेलफिशचा कॅपिटल हिलवरचा बार, मेलरोज मार्केटमधला. ही कंपनी 1890 पासून कालवं पिकवते. शेत त्यांचं, दुकान त्यांचं, म्हणून मध्ये दलाल नाही. इथे समुद्र दिसत नाही. टाक्यांत जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि शिंपले दिसतात. सवलत असो वा नसो, ताजेपणाच्या बाबतीत मी यांना पहिला नंबर देते. पाहुण्यांना समुद्र दाखवायचा असेल तर एलियट्स, आणि खाण्याचं मनापासून कौतुक असणारं माणूस बरोबर असेल तर टेलर.

बॅलर्डला शिलशोल खाडीवर रेज नावाचं हॉटेल आहे. वरच्या मजल्यावरच्या कॅफेतून ऑलिंपिक पर्वतामागे सूर्य जाताना दिसतो. तिथे मी कालवांपेक्षा ब्लॅक कॉड या माशासाठी जाते. तो साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, चोथ्यात मुरवून भाजतात, आणि इतका मऊ असतो की काटा लावला की पाकळ्या सुटतात. धक्का 54 वरचं आयव्हर्स 1946 पासूनचं, लहान मुलं बरोबर असतील तर तिथे जा, क्लॅम चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं सूप, घ्या.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आवडत असतील तर वाफवलेले मनिला क्लॅम कुठेही मागवा, हॅपी अवरला हमखास असतात. हेसुद्धा परके; 1930 च्या दशकात जपानी कालवांच्या बियाण्याबरोबर चुकून आले आणि इथलेच झाले. लोणी, लसूण, पांढरी वाइन एवढाच मसाला. वाडग्याच्या तळाला जो रस उरतो त्यात पाव बुडवून खा, आणि पाव संपला तर आणखी मागा. क्रॅब केकवर मात्र पैसे घालू नका. डंजनेस कुर्ली खायची तर अख्खी, घरी, हाताने फोडून. इथे फक्त नर कुर्ली ठेवायची परवानगी आहे, मादी पाण्यात परत सोडावी लागते. त्यामुळे गाभोळीच्या चिंबोरीची आठवण काढणाऱ्यांची इथे निराशाच होते.

आता उन्हाळ्याचं. मे ते ऑगस्ट कालवं खाऊ नयेत असं जुनी माणसं इथेही म्हणतात, जसं आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. त्या दिवसांत कालवं वितात, गर दुधाळ आणि पातळ होतो. हल्ली गुणसूत्रांचे तीन संच असलेली, न विणारी कालवं वाढवतात, ती उन्हाळ्यातही घट्ट राहतात. पण पाणी तापलं की व्हिब्रिओ नावाचे जंतू वाढतात आणि ते कच्च्या कालवातून पोटात जातात. 2021 च्या जूनअखेरीस सिएटलचं तापमान 42 अंशांवर गेलं, खाड्यांच्या काठी शिंपले उन्हात शिजून मेले आणि पुढच्या महिन्यात या जंतूने आजारी पडणाऱ्यांची संख्या राज्यात खूप वाढली. त्या वर्षापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी कच्ची कालवं खात नाही. मधुमेह किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी कधीच कच्ची खाऊ नयेत, भाजलेली मागावीत. आणि विचारायला लाजू नका: प्रत्येक पोत्याला कुठून आणि कुठल्या दिवशी काढली याची चिठ्ठी असते, ती हॉटेलाला 90 दिवस जपून ठेवावी लागते. 'आजची कालवं कुठल्या तारखेला काढलेली?' असं विचारलं की चांगल्या ठिकाणी लगेच उत्तर मिळतं. कुणी गोंधळलं तर तळलेलं काहीतरी मागवा.

बॉस्टनला माझी नणंद असते. मॅसॅच्युसेट्समध्ये दारूवरचा हॅपी अवर 1984 पासून बंद आहे, तरी तिथली हॉटेलं ठरावीक वेळी कालवं मात्र स्वस्त देतात. तिला फोनवर मी हे सगळं सांगितलं तर म्हणाली, 'वहिनी, म्हणजे दारू बंद झाली तरी कालवं राहिली, चांगलंच झालं.' मी स्वतः एक ग्लास कोरडी सायडर घेते, त्यावर दुसरा नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. एका माणसाला आठ कालवं, एक वाडगा क्लॅम आणि एक पेय असं 40 ते 50 डॉलरपर्यंत जातं. इथला विक्रीकर दहा टक्क्यांवर आहे, तो धरून. टिप द्यायची ती सवलतीच्या बिलावर नाही, मूळ किमतीवर. फोडणाऱ्याची मेहनत तीन वाजता आणि सात वाजता तेवढीच असते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आई आली तेव्हा तिला एलियट्समध्ये नेलं. फोडणाऱ्याचे हात ती बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'हात बरो आसा हेचो. पण शिजवल्याशिवाय खातत?' तिने एक खाल्लं, डोळे मिटून, हळूहळू. दुसरं घेतलं नाही. पण येताना टेलरकडे तिने बरणीतली सोललेली कालवं बघितली आणि दोन बरण्या घ्यायला लावल्या. घरी येऊन तिने खोबरं भाजलं, कांदा परतला. मालवणहून आणलेला मसाला पिशवीतून निघाला. ह्यांनी तीन वेळा भात घेतला. मी आईला विचारलं, घरच्यासारखी लागतात का. तिने वाटीतलं एक कालव परत खाल्लं आणि म्हणाली, 'गराक मोठी आसत. खारटपणा कमी.'