बेळगावातलं काष्ठौषधीचं दुकान: सुटं घ्या, तयार बाटल्या सोडा

तीन वर्षं झाली मी या झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात जातेय आणि दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच की तो मध कुठनं आणलास, ते पायाला लावायचं तेल कुठलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. दुकान गणपत गल्लीच्या मागच्या बोळात आहे, नाव सांगत नाही कारण चांगलं पण लिहिणार आहे आणि वाईट पण. बोर्ड कन्नडमध्ये आहे, त्याच्या खाली जुना मराठी बोर्ड अर्धा पुसलेला. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही, शनिवार खुटाकडे कुठंतरी लावून चालत या.

आत गेलं की पहिला वास वेखंडाचा. मग सुंठ, मग कसलातरी तुरट वास जो मला तीन वर्षांत ओळखता आला नाही. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर खडूनं नाव, अर्धी मराठीत अर्धी कन्नडमध्ये, पिंपळीच्या खणावर 'हिप्पली' लिहिलंय. काका सत्तरीच्या पुढचे आहेत, पितळी तराजूत वजन करतात, माप पडतं ते जुन्या पेपरच्या पुडीत. नातू क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढं सरकवतो. बिल मागितलं तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, हा पहिला वजा मुद्दा.

मध. आमच्याकडं गिऱ्हाईक मध मागतं, शेजारचा माणूस जेनुतुप्प मागतो, आणि काका दोघांना एकाच डब्यातलं देतात. कन्नडमध्ये जेनू म्हणजे मध, तुप्प म्हणजे तूप, मला हा शब्द लई आवडतो, कारण हा मध खरंच तुपासारखा जाड पडतो चमच्यावरून. खानापूर तालुक्यातला, जांबोटी कणकुंबीकडचा आहे म्हणतात, आणि चवीवरून तरी पटतं. एप्रिल मेमध्ये आणला तर शेवटी जरा कडवट लागतो, तो जांभळाच्या फुलोऱ्याचा. सुपरमार्केटच्या बाटलीची सवय असलेल्यांना हा कडूपणा म्हणजे खराब झाला असं वाटतं, माझ्या नणंदेनं तर परत पाठवला होता. काका आग्या आणि सातेरीचा मध वेगळा ठेवतात, विचारलं तरच सांगतात. आग्या म्हणजे ती मोठी माशी, उंच झाडाला नाहीतर कड्याला एकच मोठं पोळं लावते, तिला पेटीत पाळता येत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते, पेटीत पण राहते. मी सातेरीचा घेते, कारण पेटीतून यंत्रानं काढला तर पोळं पिळावं लागत नाही, अळ्यांचा रस त्यात येत नाही.

आता शुद्ध की भेसळ, हा प्रश्न. ग्लासभर पाण्यात थेंब टाका, तळाला बसला तर असली, वातीला लावून पेटवा, कागदावर टाकून बघा, हे सगळं मी घरी केलंय आणि सगळं फोल आहे. साखरेचा घट्ट पाक पण तळालाच बसतो, करून बघा. 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं मोठमोठ्या ब्रँडचे नमुने तपासले होते तेव्हा 22 पैकी फक्त 5 सगळ्या चाचण्यांत पास झाले, आणि भेसळीचा पाक असा बनवलेला की साध्या लॅबला पण सापडत नाही, एनएमआर नावाच्या महागड्या तपासणीत सापडतो. म्हणजे आपण काडेपेटी घेऊन काय शोधणार? मी एवढंच बघते की माणूस कोणत्या महिन्यात कुठला मध आला ते न अडखळता सांगतो का. काका सांगतात.

पण मागच्या वर्षी जूनमध्ये आणलेल्या बाटलीनं मला फसवलं. फडताळात ठेवली, पंधरा दिवसांनी टोपण उघडलं तर फुस्स, सोडा उघडल्यासारखं, वर फेस आणि वास ताडीसारखा. मधात पाणी जास्त राहिलं की तो आंबतो. आपल्याकडच्या नियमात मधात 20 टक्क्यांपर्यंतच पाणी चालतं, पण पोळ्यातली घरं मेणानं बंद व्हायच्या आधीच कुणी घाई करून काढलं, त्यात आपल्याकडची जूनची हवा, तर व्हायचं तेच झालं. बाटली घेऊन गेले. नातू म्हणाला आमच्याकडून चांगलीच गेलीया. काकांनी बोट बुडवून चाटलं, काही बोलले नाहीत, दुसरी भरून दिली, पण सॉरी वगैरे काही नाही, वर नातवाला कन्नडमध्ये काहीतरी झापलं. आता मी जून ते सप्टेंबर मध घेतच नाही. आणि डिसेंबरात मध रवाळ झाला तर घाबरू नका, त्याला साखर धरणं म्हणतात, खऱ्या मधाला पण धरते. बाटली कोमट पाण्यात उभी करायची, गॅसवर ठेवायची नाही.

ज्या एका गोष्टीमुळं मी या दुकानाला चिकटून आहे ती सांगते. धाकट्या जावेचं बाळ तेव्हा सातव्या महिन्यातलं. सासूबाईंनी यादी दिली, बाळगुटीचं सामान: वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, आणि चाटवायला मध. काकांनी यादी वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"लेकरू केवढं हाय?"

"सातवा लागलाय काका."

"मग मध नाही देणार. वर्ष होऊ दे."

मी म्हटलं आमच्यात बारशाच्या आधीपासून चाटवतात की, माझ्या पोरांना पण चाटवलाय, काय झालं नाही. तर म्हणाले, "व्हय, माझ्या आईनं पण मला चाटवलाय. डॉक्टर लोकांनी सांगितल्यापासून मी देत नाही बघ. तुला दुसरीकडं मिळंल, माझ्याकडं नको."

घरी येऊन पोरांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पण तेच सांगितलं. मधात कधी कधी बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, आपल्याला त्यांचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं. घरी उकळून ते मरत नाहीत, आणि मध असली असला म्हणून पण फरक पडत नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. गुटी आईच्या दुधातच उगाळली, ती पण दोनदाच, नंतर जावेनं बंद केली. धंदा सोडून गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार मला बेळगावात दुसरा भेटलेला नाही, कुंदा विकणारे तर मधुमेहवाल्याला पण अर्धा किलो बांधून देतात.

मोठ्यांच्या आणि मोठ्या पोरांच्या खोकल्याला मात्र मध खरंच चालतो, ही नुसती आजीची गोष्ट नाही. ब्रिटनच्या नाइस (NICE) या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमावलीत पण 2019 पासून साध्या खोकल्याला मध घेऊन बघा असं आहे. रात्री झोपताना एक चमचा, एवढंच. माझा धाकटा त्यावर निजतो. ताप असेल, धाप लागत असेल, खोकला तीन आठवडे हटत नसेल तर मधाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरकडं जायचं, हे काय मी सांगायला पाहिजे असं नाही.

अडुळसा मागायला गेले तर काकांनी चक्क दिला नाही. "कशाला पैसे घालवतीस, कुंपणाला असतोय की." खरंय, माझ्या माहेरी खानापूरकडं बांधावर अडुळसाच लावलेला, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. पानं वाफवून रस काढायचा आणि मधात द्यायचा. गंमत म्हणजे मेडिकलमधल्या बऱ्याच कफ सिरपमध्ये ब्रोमहेक्सिन नावाचं औषध असतं ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून बनवलेलं आहे. म्हणजे सिरप प्यायलो तरी कुंपण सुटत नाही. गरोदर बायकांनी मात्र अडुळसा घेऊ नये, हे पण काकांनीच सांगितलं.

खोकल्याचं सितोपलादी चूर्ण मी सुटं सामान घेऊन घरी करते. प्रमाण तोंडपाठ करायला सोपं आहे, खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1, प्रत्येक वेळी निम्मं. महाग काय ते वंशलोचन, बांबूच्या पेरातलं, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी तवकीर घालतात. काकांकडं दोन्ही आहे आणि दोन्हीचा भाव वेगळा सांगतात, न विचारता. सोळा भाग खडीसाखर आहे हे विसरू नका, शुगरवाल्यांनी औषध म्हणून चमचे मारू नयेत.

आणि आता कोकम तेल. यासाठी पूर्ण मार्क. तेल म्हणतात पण ते मेणासारखं घट्ट, अंड्याएवढे पिवळट पांढरे गोळे, त्यावर बोटांचे ठसे असतात, कारण कोणीतरी ते हातानं वळलेले असतात. कोकण्यांकडं भिरंडेल म्हणतात, कन्नडमध्ये कोकमाला मुरुगलु. मे महिन्यात रातांबे पिकले की सालीची आमसुलं होतात आणि बिया उरतात, त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, तेल वर तरंगतं ते काढून गार झालं की वळतात. चाळीस डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून बेळगावच्या उन्हाळ्यात पण फडताळात गोळा तसाच राहतो. खोबरेल 24 डिग्रीच्या खाली गोठतं, डिसेंबरात सकाळी बाटली उलटी करून बसावं लागतं, ते वेगळं.

माझ्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातली तळ्याची माती. दोन वर्षं ट्यूबवर पैसे घातले. काकांनी गोळा पळीत ठेवून पळी निरांजनावर धरून दाखवली, कडेचा थर सुटून पारदर्शक झाला की कापसानं भेगेत भरायचं, गरम असताना नाही, बोटाला सोसेल इतकं झाल्यावर. वर मोजे. पहिल्या रात्री चादरीला डाग पडला आणि सासूबाई परत बोलल्या नाहीत. पण आठवड्यात टाचा बोलायच्या थांबल्या. खोल भेग असेल, रक्त येत असेल, शुगर असेल तर स्वतः खेळत बसू नका. एका गोळ्याला चाळीस रुपये, माझा एक गोळा दोन महिने जातो.

आता ज्या गोष्टी घेऊ नका. काउंटरवर नातवानं तयार बाटल्यांची रांग लावलीय, हा सगळा त्याचा कारभार. 'आवळा केश तेल' घेतलं मी एकदा, हिरवंगार, वास मस्त. मला वाटायचं आवळ्यातून तेल निघतं. आवळ्याला कुठलं तेल, आवळ्याचा रस नाहीतर वाळका आवळा तिळाच्या नाहीतर खोबऱ्याच्या तेलात शिजवतात तेव्हा ते आवळा तेल. या बाटलीवर घटक शोधायला भिंग लागलं, पहिलंच नाव मिनरल ऑईल. म्हणजे वासाचं पॅराफिन. याला एक स्टार पण नाही. लिंबाच्या सालीचं तेल पण होतं, चेहऱ्याला लावा उजळ होतो म्हणून, ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात, हे बाटलीवर कुठं लिहिलेलं नाही.

आणि काढ्याचं तयार चूर्ण. आमच्या ह्यांनी गेल्या पावसात दोन महिने रोज सकाळी घेतलं, घसा चांगला राहतो म्हणून. बीपीची गोळी चालू असताना पण बीपी वर जायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलंय. पाकिटावर नुसतं 'निवडक वनौषधी'. मी काकांकडं जाऊन विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, ज्येष्ठमध भरपूर. ज्येष्ठमध जास्त आणि रोज घेतला की बीपी चढतं, पोटॅशियम कमी होतं. बंद केल्यावर बीपी आलं जागेवर. काकांना म्हटलं पाकिटावर लिहा की. तर नातवाकडं बघून म्हणाले, "ते ह्याला सांग." सांगितलं. परवा बघितलं, अजून तसंच.

म्हणून मी म्हणते खणातलं सुटं घ्या, एक वस्तू, तिचं नाव माहीत असलेली, आणि नातवाच्या रांगेला हात लावू नका. रोजची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, नाहीतर शहापूरला आयुर्वेद कॉलेज आहे तिथं वैद्यांना विचारून या.

दुपारी दीड ते चार बंद असतं, काका झोपतात. मधासाठी काचेची बाटली घरून न्या, ते प्लास्टिकमध्ये देतात. परवा गेले तेव्हा कोकम तेलाचे तीनच गोळे उरले होते, नवीन माल कधी येतोय ते काकांना पण माहीत नव्हतं. दोन मी घेतले, एक तुमच्यासाठी ठेवलाय, असेल तर बघा.