करडीचं घाण्याचं तेल: दिवाळीपासून वापरायलोत, तर अनुभव

सोयाबीन तेल बंद करून दिवाळीपासून लाकडी घाण्याचं करडीचं तेल वापरायलोत, लातुरातूनच आणतो, पाहुणेरावळे सारखं विचारायलेत म्हणून एकदाच लिहितो.

चवीला तोड नाही. कडक भाकरी कुस्करायची, लसणाची चटणी, वरून कच्चं तेल, बास. धपाट्यालाही चालतं, पण भजी तळायला घेतली की फेस पार कढईच्या काठापर्यंत येतो, तळणाला हे घेऊच नका. डब्याच्या बुडाला गाळ बसतो, ती काय भेसळ नाही. उन्हाळ्यात मात्र लवकर खवट होतं कारण यात जवळपास 75 टक्के लिनोलेइक ॲसिड (ओमेगा-6 प्रकारची चरबी) असतं आणि ते हवेशी पटकन रिॲक्ट होतं, म्हणून पंधरा किलोचा डबा नको, लिटरची बाटली बरी.

आता तब्येतीचं. लिनोलेइक शरीराला बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं, अमेरिकेत बर आडनावाच्या संशोधक नवरा-बायकोनं 1929-30 मधी उंदरांचं फॅट बंद करून हे दाखवलं, उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले. तूप-डालड्याच्या जागी हे तेल घेतलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं हे खरंय. पण आम्ही सोयाबीनवरून आलो ना, त्यात आधीच निम्म्याच्या आसपास लिनोलेइक असतंय! माझं एलडीएल जरा उतरलं, पण त्याच टायमाला बेकरीचं आणि फरसाणही बंद केलतं, मग श्रेय कुणाला द्यायचं? ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) तर जागचं हललं नाही.

वरून सोयाबीनमधी थोडं ओमेगा-3 (ही पण शरीराला लागणारी चरबी) असतं, करडीत जवळपास नसतंच. त्यामुळं ओमेगा-3 साठी घरात जवसाची चटणी चालू केली, जवस भाजून कुटूनच खायचं, अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं.

घाणेवाला म्हणे या तेलानं हार्टचे ब्लॉकेज उघडतात. काय पण! सिडनीत 1966 ते 73 हार्टच्या पेशंटला करडीचं तेल आणि त्याचंच मार्जरीन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) दिलं, कोलेस्टेरॉल उतरलं पण मृत्यू वाढले, हा जुना डेटा 2013 ला बाहेर आला. आता तिथं प्रमाण लई होतं, आणि 2014 मधी बऱ्याच अभ्यासांच्या मोठ्या आढाव्यात जास्त लिनोलेइक खाणाऱ्यांत हार्टचा त्रास कमीच दिसला, म्हणून घाबरून मी बंद नाही केलं, फक्त औषध म्हणून घेऊ नका आणि डॉक्टरची गोळी तर अजिबात सोडू नका.

भाव सोयाबीनपेक्षा बराच जास्त. करडी पेरणारे कमी झाले, काट्याचं पीक, पहाटे दव असताना काढावं लागतं, मजूर मिळत नाहीत, म्हणून भावावर माझी तक्रार नाही. फोडणीला आणि कच्चं खायला परत घेणार, तळणाला शेंगदाण्याचं.